बिघाड आहे, कंडम नाही

कोड्यातला शेवटचा शब्द भरायचा राहिला होता. उभा, तीन अक्षरी, 'शेतातून बाजारात निघालेली भाजी'. विजयमालाबाईंनी 'माळवं' टाइप करायला बोट उचललं, तेवढ्यात पडदा एकदा लुकलुकला, अक्षरांच्या जागी नुसते चौकोन आले आणि मधोमध ती ओळखीची पांढरी पाटी उभी राहिली. अमुक अमुक प्रक्रियेनं काम करणं थांबवलं आहे. खाली एकच बटण, बंद करा.

"थांबवलं व्हय? कुनाला इचारून थांबवलं?" त्या पडद्यालाच म्हणाल्या.

बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलेल्या मानसिंगरावांनी चष्म्यावरून बघितलं. "आलं का परत? आगं, ते मशीन कंडम झालंय. किती येळा सांगायचं? फौजेत आसली वस्तू एका शेऱ्यात स्टोअरमधनं बाहेर जाती."

"फौजेत जाती. हितं न्हाई जायाची."

इस्लामपूरच्या त्या घरात हा संवाद आता रोजचा झाला होता. मानसिंगराव सुभेदार होऊन निवृत्त झालेले, त्यामुळं त्यांच्या लेखी जगातली प्रत्येक वस्तू एक तर कामाची नाही तर कंडम. मधलं काही नाही. विजयमालाबाईंचं सगळं आयुष्य मात्र त्या मधल्याच जागेत गेलं होतं. बिघडलेलं, पण दुरुस्त होणारं.

त्या मूळच्या विट्याजवळच्या. बारावी झाल्या झाल्या सांगलीच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागल्या. कानाला हेडफोन, समोर भोकांची फळी आणि हातात दोऱ्या. कुणाचा आवाज दिल्लीहून यायचा, कुणाचा कलकत्त्याच्या सोन्याच्या दुकानातून. गावाकडचं बोलणं घरी ठेवून 'नमस्कार, आपला क्रमांक सांगा' असं खणखणीत बोलायला त्या तिथंच शिकल्या. लग्न फौजेतल्या माणसाशी झालं. एकदा तर पठाणकोटहून आलेला नवऱ्याचा कॉल त्यांच्याच फळीवर आला. सासूला जोडून दिला आणि वेळ भरताच त्यांनी बाकीच्या ऑपरेटरांसारखंच 'वेळ संपली' म्हणून सांगितलं आणि दोरी ओढली. मानसिंगरावांनी रजेवर आल्यावर पहिलं भांडण त्यावरूनच काढलं होतं. "म्हाताऱ्या आईशी बोलत हुतो. बायकोनं कॉल तोडला!" त्यावर विजयमालाबाई म्हणाल्या होत्या, "मागं रांगेत दुसऱ्या बायकांचेबी नवरे हुते."

मग यंत्रं बदलली, फळ्या गेल्या, दोऱ्या गेल्या. त्यांना बिलांच्या खिडकीवर बसवलं. पुढं एक दिवस साहेबांनी बोलावून गोड आवाजात सांगितलं, की स्वेच्छानिवृत्ती घ्या, आता तुमची गरज राहिली नाही. त्यांनी सही करून कागद परत दिला. पण 'गरज राहिली नाही' हा शब्द त्यांच्या पोटात जो रुतला, तो रुतलाच.

एक्सचेंजच्या रिकाम्या दुपारी कागदावर चौकोन आखून शब्द जुळवायची सवय त्यांना लागली होती. घरी बसल्यावर त्याचीच रीतसर शब्दकोडी झाली. गावच्या साप्ताहिकानं ती छापायला घेतली. खाली नाव यायचं, 'सौ. विजयमाला'. त्यांची कोडी पुण्या-मुंबईच्या कोड्यांसारखी नव्हती. 'उसाचा शेंडा, जनावरांची चंगळ' असं दोन अक्षरी यायचं आणि लोक हसत 'वाढं' भरायचे. 'भाकरीसंगं जे खायचं ते' असं विचारलं की म्हाताऱ्या बायका नातवाला ओरडून सांगायच्या, "कोरड्यास लिव्ह, कोरड्यास!" असे शब्द त्यांनी वर्षानुवर्षं वेचून कॉम्प्युटरात भरून ठेवले होते. अडचण एवढीच, की ते सगळं जुन्या मराठी फॉन्टमध्ये होतं. त्यांच्या मशीनवर ते मराठी दिसायचं. दुसऱ्या कुठल्या मशीनवर नेलं की इंग्रजी अक्षरांचा चिवडा.

म्हणून जेव्हा बंगळूरहून त्यांचा मुलगा जयराज फोनवर म्हणाला, "आई, कशाला जीव आटवतेस? नवा लॅपटॉप पाठवतो," तेव्हा त्यांनी सरळ नाही म्हणून सांगितलं.

"अगं, ते जुनं रूपांतर करून मिळतं आता."

"मिळतं. मी करून बघितलं. 'वाढं'चं 'वाठं' होतं आणि 'कोरड्यास' वाचताच येत न्हाई. परत सगळं एकेक तपासायचं म्हंजे माझी उरलेली नजर त्यातच जायाची."

"मग काय करणार आहेस?"

"बिघाड काडनार."

पलीकडं जयराज हसला. हसण्यात माया होती, पण विजयमालाबाईंना त्या घडीला माया नको होती. त्यांनी फोन ठेवला.

बसस्टँडच्या मागं अमृतचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. त्या रिक्षात कॉम्प्युटरचा डबा मांडीवर घेऊन तिथं गेल्या. अमृतनं मशीन चालू करून बघितलं, पाटी आली, त्यानं मान हलवली.

"काकू, फॉरमॅट मारतो. संध्याकाळी न्या."

"म्हंजे सगळं पुसणार?"

"तुमचा डेटा आधी बाजूला काढून ठेवतो की. पण तो जुना प्रोग्राम आन् ते फॉन्ट परत बसतील का न्हाई, ह्याची ग्यारंटी मी देनार न्हाई. त्येच्या सीड्या हायत का?"

सीड्या कुठल्या असायला! त्या कंपनीचंच आता नाव उरलं नव्हतं. विजयमालाबाई म्हणाल्या, "डेटा काढून दे. पुसू नको. पुसायला आलेलं पोरगं मला चालत न्हाई, शोधणारं पायजे."

अमृतला राग आला नाही. त्यानं खरंच नीट काम केलं. सगळी शब्दांची साठवण एका वेगळ्या डिस्कवर उतरवून दिली आणि म्हणाला, "हे तिजोरीत ठेवा. आता मशीनचं काय बी झालं तरी तुमचे शब्द जायाचे न्हाईत. पण शोधायला मला टाइम न्हाई काकू, खोटं कशाला बोलू. दुकानात रांग हाय."

"मग मीच शोधते."

"शोधा," अमृत म्हणाला. "अडलं तर फोन करा."

त्या आठवड्याचं कोडं गेलंच नाही. साप्ताहिकाचा संपादक विश्वजीत हा शाळकरी वयापासून ओळखीचा पोरगा. वडिलांच्या माघारी त्यानं पेपर हातात घेतला होता आणि त्याला सगळं नवंकोरं करायचं होतं. कोड्याच्या पानाला त्यानं नवा सांगाडा केला होता. दर आठवड्याला तो सांगाडा आणि सोबत मथळ्याची नक्षीदार अक्षरं ई-मेलनं पाठवायचा. 'आधी सेटअपवर क्लिक करा, मग सांगाडा उघडा,' अशी सूचना असायची. त्या निमूट तसं करायच्या.

अंक आला. विजयमालाबाईंनी मागचं पान उघडलं. त्यांच्या जागी कुठूनतरी आणलेलं तयार कोडं होतं. पहिलाच आडवा शब्द, 'लंडन शहरातून वाहणारी नदी'.

त्यांनी विश्वजीतला फोन लावला. घरात बोलताना 'न्हाई' म्हणणाऱ्या बाई रागावल्या की त्यांची जीभ आपोआप एक्सचेंजवर जायची. मानसिंगरावांना ते माहीत होतं, त्यामुळं त्यांनी पेपर जरा वर धरला.

"नमस्कार. विजयमाला बोलते आहे. माझ्या कोड्याच्या जागी दुसरं कोडं आलेलं दिसतं."

"काकू, तुमचं आलं नाही ना. फोन केला तर म्हणालात, मशीन बंद पडतंय. अंक थांबवता येतो का? आणि खरं सांगू का, राग मानू नका. आता जरा विश्रांती घ्या तुम्ही. हे तयार कोडं फुकट मिळतं, वेळेत येतं."

"त्यात कृष्णा नदी नाही, लंडनची आहे."

"सामान्यज्ञान वाढतं ना लोकांचं. तुमचे शब्दही, म्हणजे, जरा गावठी असतात. शहरातले वाचक विचारतात, माळवं म्हणजे काय. भाजीपाला लिहा की."

"भाजीपाला चार अक्षरी आहे," असं म्हणून विजयमालाबाईंनी फोन ठेवला.

मग त्या बराच वेळ गॅलरीत उभ्या राहिल्या. समोरून उसानं भरलेले ट्रॅक्टर कारखान्याकडं चालले होते. विश्रांती घ्या. गरज राहिली नाही. कंडम झालंय. तीन माणसं, तीन तऱ्हा, पण सांगणं एकच. आत येऊन त्यांनी खुर्ची ओढली आणि पदर खोचला.

"जेवान?" मानसिंगरावांनी विचारलं.

"डब्यात भाकरी हायत. आज तुमचं तुमी वाढून घ्या."

आता इथं त्यांनी लगेच बिघाड शोधून काढला असं सांगितलं, तर ते खोटं होईल. पहिल्यांदा त्यांनी करू नये तेच केलं. इंटरनेटवर एक व्हिडिओ सापडला. त्यातला माणूस फार आत्मविश्वासानं सांगत होता, की हा एक प्रोग्राम घ्या, सगळ्या चुका आपोआप साफ. त्यांनी घेतला. त्या प्रोग्रामनं मशीनमध्ये चुकांचा एवढा ढीग असल्याचं दाखवलं, की बाईंना घामच फुटला. मग साफ करायचे पैसे मागायला लागला. त्यांनी तो बंद केला, तर पडद्याच्या कोपऱ्याकोपऱ्यातून जाहिराती उगवायला लागल्या. रमी खेळा. वजन घटवा. आणि मूळची पाटी होती ती होतीच, उलट आता तासातासाला येऊ लागली.

मानसिंगराव मागं येऊन उभे राहिले. वजन घटवण्याची जाहिरात त्यांनी नीट वाचली आणि म्हणाले, "आता तरी पटलं का?"

विजयमालाबाईंच्या डोळ्यात पाणी आलं होतं, पण त्यांनी मागं वळून बघितलं नाही. "ह्यो बिघाड माझ्या हातनं झालाय," त्या म्हणाल्या. "त्यो मी निस्तरते. पयला माझ्या हातनं झाल्याला न्हाई. त्योबी मीच काडनार. आन् तुमी माझ्या मागं हुबं ऱ्हाऊ नका. साहेब मागं हुबं राह्यलं की एक्सचेंजमदीबी माझ्या चुकीच्या जोडण्या व्हायच्या."

मानसिंगराव गेले. चपला घालून पार बाहेरच गेले.

विजयमालाबाईंनी अमृतला फोन केला. अमृत हसला नाही. "सेफ मोडमधी चालू करा काकू. म्हंजे मशीन फक्त अगदी गरजेपुरत्याच गोष्टी उठवतं, बाकीच्या झोपलेल्या ऱ्हात्यात. मग तो प्रोग्राम काढून टाकता येतोय." फोन कानाला लावून त्यांनी एकेक पायरी केली. जाहिराती गेल्या. पडदा ओबडधोबड दिसत होता, अक्षरं मोठी झाली होती, पण सगळं शांत झालं.

फारच शांत. त्या बसून राहिल्या. चहा करून आल्या, पिऊन झाला, तरी ती पांढरी पाटी आली नाही.

"अमृत," त्यांनी परत फोन लावला, "सेफ मोडमदी पाटी येतच न्हाई."

"अस्सं? मग मशीन चांगलं हाय काकू. जे झोपलंय त्यातलंच कोनतरी गडबड करतंय."

हे वाक्य ऐकलं आणि विजयमालाबाईंना सांगलीचा एक लाइनमन आठवला. पाऊस झाला की जमिनीखालच्या केबलमध्ये पाणी शिरायचं आणि अख्ख्या पेठेचे फोन मुके व्हायचे. तो काही सगळा रस्ता उकरायचा नाही. मधोमध एक खड्डा घ्यायचा, दोन्ही बाजू तपासायचा. ज्या बाजूला बिघाड, त्या बाजूच्या मधोमध पुन्हा खड्डा. ऑपरेटर बायका खिडकीतून चेष्टा करायच्या, की आज किती खड्डे? तो म्हणायचा, "अर्धं अर्धं करत गेलं की चोर कुठं जातोय?"

त्यांनी मशीन नेहमीसारखं चालू केलं आणि आत काय काय चाललंय त्याची यादी दाखवणारी खिडकी उघडून ठेवली. कितीतरी नावं, सगळी इंग्रजी. पाटी यायच्या आधी त्यातलं एकच नाव उसळून वर यायचं, सगळी ताकद खाऊन टाकायचं आणि पडायचं. पुन्हा उठायचं, पुन्हा पडायचं. त्या नावात त्यांना ओळखीचा एकच शब्द दिसला. फॉन्ट.

म्हणजे कुठलंतरी अक्षरच गोंधळ घालत होतं! मशीनमध्ये फॉन्टांची तर खोगीरभरती. वर्षानुवर्षं ज्यानं जे दिलं ते बसवलेलं. लग्नपत्रिकांचे, दिवाळी शुभेच्छांचे, कोण कुठले. त्यांनी अर्धे काढून एका बाजूला ठेवले आणि मशीन बंद करून चालू केलं. पाटी आली. मग उरलेल्यातले अर्धे काढले. पाटी आली नाही. म्हणजे चोर आत्ता काढलेल्यांत. त्यातले अर्धे परत आत. असं करता करता दुपार कलली. मानसिंगराव परत आले, त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन स्वतःपुरता चहा ठेवला, मग पातेल्यात आणखी पाणी ओतलं.

शेवटी दोनच फॉन्ट उरले. त्यातला एक लग्नपत्रिकेचा. दुसरा विश्वजीतनं पाठवलेल्या मथळ्याचा, नक्षीदार, वेलबुट्टीचा. लग्नपत्रिकेचा आत टाकला, काही झालं नाही. वेलबुट्टीचा टाकला आणि पडदा लुकलुकला.

"सापडलं!" त्या एवढ्या जोरात ओरडल्या, की मानसिंगरावांच्या हातातला चहा बशीत सांडला.

तो फॉन्ट त्यांनी काढून टाकला. पण चार दिवसांनी पाटी परत आली.

हा घाव मात्र जबरा होता. त्या दिवशी त्या कॉम्प्युटरसमोरून उठून मागच्या अंगणात गेल्या आणि धुणं आपटत बसल्या. मानसिंगरावांनी 'कंडम' हा शब्द काढला नाही. दारात उभं राहून ते एवढंच म्हणाले, "चौकीत चोर दुसऱ्यांदा शिरला, तर आमी भिंत न्हाई बघत. दार कुनी उघडलं ते बघतो."

विजयमालाबाईंचा आपटणारा हात थांबला. दार कुणी उघडलं? त्यांनीच उघडलं होतं. आदल्या दिवशी विश्वजीतच्या कार्यालयातून नेहमीची मेल आली होती. यादीतून त्यांचं नाव काढायचं कुणाला सुचलं नव्हतं, म्हणून सांगाडा आपला येत होता. सवयीनं त्यांनी आधी सेटअपवर क्लिक केलं होतं. सांगाड्याबरोबर तो नासका फॉन्ट दर आठवड्याला नव्यानं आत येऊन बसत होता. त्या ओल्या हातांनीच आत गेल्या. फॉन्ट काढला, सेटअप काढला, सांगाडाही काढून टाकला. त्यानंतर ती पाटी आली नाही.

त्यांनी विश्वजीतला फोन केला. या वेळी राग नव्हता, म्हणून घरचीच भाषा तोंडात आली. "विश्वजीत, तुझा मथळ्याचा फॉन्ट खराब हाय रं. आणखी कुणाला देत असशील, तर देऊ नको."

"आमच्याकडं तर व्यवस्थित चालतो, काकू."

"चालत आसंल. माझ्याकडं मशीन पाडत हुता. आता काडलाय. कोडं तयार हाय, पाठवू का?"

विश्वजीत थोडा घुटमळला. "पाठवा की. मी कुठं नाही म्हणतोय. फक्त शब्द जरा प्रमाण ठेवा. वाढं, माळवं असलं नको. लोकांना कळलं पाहिजे."

"लोकान्ला कळतंय. तुला कळत न्हाई," विजयमालाबाई म्हणाल्या. "मी शब्द बदलणार न्हाई. तुला नको आसंल तर ऱ्हाऊ दे."

"मग राहू दे, काकू."

राहिलं. साप्ताहिकातलं त्यांचं कोडं कायमचं गेलं, लंडनची नदी वाहत राहिली. त्यांना वाईट वाटलं नाही असं नाही. छापलेलं स्वतःचं नाव बघायची एक सवय होते माणसाला. पण 'विश्रांती' हा शब्द त्यांनी मनात येऊ दिला नाही.

सोमवारी त्यांनी कोडं मोठ्या अक्षरांत छापून घेतलं आणि स्टँडवरच्या जालिंदरच्या चहाच्या गाड्यावर गेल्या. जालिंदर त्यांच्या कोड्यांचं जुनं गिऱ्हाईक. अंकात कोडं दिसलं नाही तेव्हा त्यानंच आधी विचारलं होतं, "वैनी, बरं न्हाई का तुमास्नी?"

"हे हितं लावू का?" त्यांनी कागद पुढं केला.

"इचारता काय? लावा की!"

त्यांनी तो गाड्यामागच्या भिंतीवर चिकटवला. चहा पिणारे चार जण लगेच मान वाकडी करून उभे राहिले. एकानं कानावरची पेन्सिल काढली. तेवढ्यात स्टँडचा एक कर्मचारी आला. "बाई, भिंतीवर कागद लावायला बंदी आहे. काढा तो."

"भिंतीवर बंदी हाय न्हवं?" विजयमालाबाईंनी कागद अलगद सोडवून घेतला. जालिंदरच्या गाड्याच्या दोन खांबांना त्याचीच सुतळी बांधली आणि कपड्यांचे चिमटे लावून कागद टांगला. "ही भिंत न्हाई."

कर्मचारी कागदाकडं बघत राहिला. मग त्यानंही एक चहा सांगितला.

पेन्सिलवाल्यानं एक आडवा शब्द भरला. शेजारच्या माणसानं तो खोडायला सांगितला, दोघांची जुंपली. गर्दीतून एक बाई पुढं आली, डोक्यावरची पाटी खाली ठेवून म्हणाली, "मला वाचता येत न्हाई. काय इचारलंय ते मोठ्यानं सांगा की कुनीतरी."

विजयमालाबाईंनी घसा साफ केला, आणि एक्सचेंजवरच्या त्या जुन्या खणखणीत आवाजात पहिला आडवा वाचायला सुरुवात केली.